रविवारची पहाट

ही वही माझ्या नातीची आहे. तिची वरची इयत्ता सुरू झाली आणि मागची पानं कोरी राहिली, ती मी मागून घेतली. माझं ऱ्हस्व-दीर्घ कधी बरोबर आलेलं नाही, आणि अक्षर तर असं की वाणसामानाची यादी लिहून दिली तर दुकानदार मलाच परत वाचून दाखवायला लावतो. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला राजूरला चालत जावं लागे, आणि मुलीला एकटीला कोण पाठवणार. तेव्हा जे चुकलं असेल ते वाचणाऱ्याने पोटात घालावं, वाचणारं कुणी निघालंच तर. हे दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि एकदा तो वेळेवर फुटला नाही म्हणून जे झालं ते कागदावर तरी नीट सांगावं असं फार वर्षं वाटत होतं.

आठवण निघाली ती नातीमुळेच. मागच्या हिवाळ्यात ती मोबाईलवर काही वाचत बसली होती. म्हणाली, "आजी, ते शहाहत्तर वर्षांनी येणारं शेंडेनक्षत्र आहे ना, ते सगळ्यात लांबच्या टोकाला जाऊन आता परत आपल्याकडे वळलंय." मी भाकरी थापत होते. हात तसाच पिठात राहिला. म्हटलं, वळलं का. बरं झालं. आणि मला एकदम गिरजामाय आठवली.

गिरजामाय आमच्या शेजारची. नात्यातली नव्हे. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, पुढे ती गेली आणि थोडी कोरडवाहू जमीन राहिली, पण तिची झोप शेवटपर्यंत उघड्यावरच. उन्हाळा असो की हिवाळा, अंगणात घोंगडी टाकून पडायची आणि आभाळाकडे बघून वेळ सांगायची. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तिचा आवाज होता. "पोरी, बाजलं कललं, ऊठ, पानी भर." बाजलं म्हणजे ते चार ताऱ्यांचं चौकोनी, आणि त्याच्या मागे लागलेले तीन चोर. मी उठायची, हापशावर जायची. हापशाचा दांडा कुईकुई करायचा, तो आवाज ऐकून बाकीच्या बायका उठायच्या. मग चुली पेटायच्या, धूर सगळ्या आळीत बसायचा, आणि उजाडल्यावर गिरणीच्या नळकांड्याचं पुक् पुक् सुरू व्हायचं. गिरणी चालू असली की आई म्हणायची, आज इंजन चालू हाये, जल्दी दळण घेऊन जा. धाकट्या भावाला काखेत मारून मी डोक्यावर डबा घेऊन जायची. अशी माझी चौथीनंतरची शाळा.

वाचायची मात्र हौस होती. दुकानातून गूळ, हळद, चहा ज्या पेपरच्या तुकड्यात बांधून यायचा, तो तुकडा मी चुलीत जाऊ देत नसे. बायका शेंगा फोडायला आमच्या ओसरीवर बसायच्या तेव्हा आई म्हणायची, वाच गं काय लिहिलंय. भिंतीकडे तोंड करून मी वाचायची. तोंड त्यांच्याकडे केलं की आवाज जायचा.

अशाच एका तुकड्यावर ते शेंडेनक्षत्राचं होतं. अर्धं वाक्य फाटलेलं. लिहिलं होतं की ते येतंय, आणि ते म्हणजे मळक्या बर्फाचा गोळा आहे. सगळ्यात लांबच्या ग्रहांपाशी, जिथे ऊन पोचत नाही, तिथे अंधारात फिरत राहतो आणि फिरून फिरून सूर्याकडे येतो. जवळ आला की बर्फाची वाफ होते आणि त्याला शेपूट फुटतं.

"बर्फाचा गोळा?" सखूकाकू म्हणाली. सखूकाकू आमची चुलत चुलती, तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. "राजूरला चतुर्थीच्या जत्रेत भेटतो तसला? लाल का पिवळा?"

सगळ्या हसल्या. गिरजामाय हसली नाही. तिने हातातली शेंग खाली ठेवली. "परत वाच," म्हणाली. मी परत वाचलं. "बर्फाच्या गोळ्यानं माझा बाप मारला व्हय?" ती म्हणाली, आणि उठून गेली.

मला तेव्हा कळलं नाही. आईने संध्याकाळी सांगितलं. मागच्या खेपेला ते शेंडेनक्षत्र आलं त्याच साली गिरजामाय जन्मली. आभाळात झाडू धरल्यासारखं दिसायचं म्हणे. ती महिन्याची व्हायच्या आत तिचा बाप गाठीच्या तापाने गेला. तेव्हापासून तिचं नाव शेंडीची. शेंडीची पोर. लग्न होऊन आमच्या गावी आली तर तिच्या आधी तिचं नाव येऊन बसलेलं. मेंढरं रोगाने बसली, शेंडीची. कुणाच्या लग्नात पहिली हळद तिच्या हातची लावून घेतली नाही. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण तिला मुद्दाम मागच्या रांगेत ठेवायचे, आणि ती आपणहून मागच्या रांगेत जायची.

दुसऱ्या दिवशी हापशावर ती मला म्हणाली, "मला ते बघायचंय. जल्मभर ज्याच्या नावानं बोलनं खाल्लं, त्येचं तोंड तरी दिसू दे."

मी गुरुजींना विचारायला गेले. माझ्यासाठी हे किती मोठं होतं ते मलाच माहीत. शाळेच्या दाराशी दोनदा जाऊन परत आले, तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली. ते जालन्याहून येऊन-जाऊन करायचे. म्हणाले, "या खेपेला ते फार फिकट आहे, नुसत्या डोळ्यांनी सापडायचं नाही. पण आमच्याकडे जुन्या जालन्यात एका शाळेच्या मैदानावर बाहेरगावचे लोक मोठी दुर्बीण आणणार आहेत. एकच दिवस. तिकीट एक रुपया. तू गोळा कर, मी तिकिटं आणतो."

मी घरोघर गेले. गिरजामायसाठी म्हणून निघालेलं ते बघता बघता बारा बायकांचं झालं, आई आणि मी धरून. सखूकाकूने रुपया देताना दोनदा उलटसुलट करून पाहिला. "दिसलं न्हाई तं तुझ्याकडून घेईन बरं का, मास्तरीणबाई."

तिकिटं आली. पिवळा कागद, त्यावर शाळेचा शिक्का, आणि छापलेलं: रविवार, पहाटे चार वाजता. मी ओसरीवर वाचून दाखवलं.

"मंग निघायचं कव्हा?" आईने विचारलं. "शनिवारी का रविवारी?"

"शनिवारी कोन निघतं घरातून," सखूकाकू म्हणाली.

"रविवारची पहाट म्हनल्यावर रविवारीच निघायचं," गिरजामाय म्हणाली. "आधी रविवार उगवंल, मावळंल, मंग त्येची रात, मंग त्येची पहाट. शनिवारची रात उजाडंपर्यंत शनिवारचीच असती. बापाच्या आधी लेकरू जलमतं का कुठं?"

सगळ्या खो खो हसल्या. बरोबरच होतं ते. आमच्याकडे दिवस सूर्याबरोबरच सुरू व्हायचा. आणि आभाळाचं गिरजामायपेक्षा जास्त कुणाला कळणार?

पण मला चौथीचा धडा आठवला. गुरुजींनी फळ्यावर घड्याळ काढून सांगितलं होतं, रात्री बाराला काटा आला की वार बदलतो, तारीख बदलते. मग शनिवारच्या रात्रीचे चार म्हणजे रविवारचे चार. मला हे ठाऊक होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. सगळ्या जणी हसत होत्या, गिरजामायचं तोंड मी कधी नव्हे इतकं उजळलेलं पाहत होते, आणि त्यात मी, चौथी शिकलेली चौदा वर्षांची पोर, तिला चूक म्हणणार? आईने विचारलं, "काय गं, बराबर हाये ना?" मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं आणि मान हलवली. गुरुजींना विचारावं तर ते दुपारीच गेले होते आणि मधे सुट्टी होती. शनिवारची सगळी रात्र मी जागी होते. अंगणात गिरजामाय घोरत होती. बाजलं कललं तेव्हा मला वाटलं, आता तिकडे सुरू झालं असेल. मग वाटलं, छापणारेही आपल्यातलेच असतील, तेही आपल्यासारखंच मोजत असतील. माणूस स्वतःला किती समजावतो.

रविवारी दुपारी आम्ही राजूरहून एसटीने निघालो. धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेलं दही. गिरजामायने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गाडीत ती खिडकीपाशी बसली आणि वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव विचारत राहिली. जुन्या जालन्यात माझी मावशी राहायची, धान्याच्या अडत्यांच्या गल्लीत. ज्वारीच्या पोत्यांचा तो कोरडा गोड वास अजून माझ्या नाकात आहे. मावशीने एवढ्या बायका बघून कपाळाला हात लावला, पण पिठलं टाकलं. रात्री आम्ही गच्चीवर ओळीने पडलो. झोपलं कुणी नाही. सखूकाकू थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "माय, झाली का पहाट?" आणि गिरजामाय म्हणायची, "पड गुमान, मी हाये ना."

तिने उठवलं, आणि मैदानावर पोचलो तेव्हा बरोबर चार झाले असतील. मैदान रिकामं होतं. एका कोपऱ्यात चुन्याने आखलेला गोल, शेंगांची टरफलं, पिवळी फाटकी तिकिटं. एक म्हातारा चौकीदार स्टुलावर बसून विडी ओढत होता.

"अम्मा, किधर?"

आईने तिकिटं पुढे केली. त्याने कंदिलाजवळ धरून पाहिली. "ये तो कल हो गया. बहुत पब्लिक थी. दुर्बीन कल सुबेच औरंगाबाद गई."

"कल म्हंजी कव्हा?" गिरजामाय म्हणाली. "काल तं शनिवार व्हता रातीला."

"कल इतवार था अम्मा. आज पीर है. सोमवार."

"सोमवार अजून उजाडायचाय!" ती ओरडली. "तुला दिसून राह्यलं का कुठं ऊन? सांग की, कुठाय सोमवार?"

त्याने स्टूल तिच्यापुढे सरकवलं. ती बसली नाही. आम्ही सगळ्या वर बघत उभ्या राहिलो. बाजाराचे दिवे, धूळ, कुठल्याशा भट्टीचा धूर. चौकीदाराने दक्षिणेला हात केला, "उधर देख रहे थे सब." सखूकाकू म्हणाली, "ते बघा, लाल!" तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा होता. मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "काय वं चौथी पास. आज कोन्ता वार?"

हे वाक्य पुढे माझ्या नावाला चिकटलं. हापशावर, गिरणीत, शेतात, जो तो विचारायचा, आज कोन्ता वार? माझ्या लग्नातसुद्धा मागून आवाज आला, मुहूर्त बघून घ्या रे, पोरीचा वार बाराला बदलतो. हसू येईल असंच होतं ते. मला मात्र अजूनही कुणी साधा वार विचारला तरी आधी कानशिलं तापतात.

गुरुजी सोमवारी म्हणाले, "अगं, मी तुमची उजाडेपर्यंत वाट पाहिली." पैसे परत मिळण्यासारखे नव्हते, दुर्बिणीच्या आणण्या-नेण्याच्या खर्चात गेले होते. त्यांनी मला दिशा सांगितली. गिरजामाय आणि मी तीन पहाटा माळावर गेलो. पहिल्या दिवशी दक्षिणेला खाली धूसर होतं, तिला दिसलं असं वाटलं, मग ते हललं, ढग होता. दुसऱ्या दिवशी अवकाळीचं आभाळ भरून आलं. तिसऱ्या दिवशी भिजून आलो. मग चांदणं वाढलं आणि पुढे तिनेच यायचं सोडलं. "आता परत कव्हा येतं म्हनले गुर्जी?" मी सांगितलं, शहाहत्तर वर्षांनी. "बरं," ती म्हणाली. "थांबते."

चीड कुणावर काढायची हेच कळत नव्हतं. तिकीट छापणाऱ्यांवर? रात्री बारानंतर, शनिवार उलटल्यावर, एवढे चार शब्द जास्त टाकले असते तर शाई संपली असती का? गिरजामायवर? तिने आयुष्यभर आभाळ बरोबर वाचलं होतं. चुकलं होतं फक्त माझं गप्प बसणं. सखूकाकूने खरंच रुपया मागितला, आणि तिचं बघून बाकीच्यांनी. माझे वडील, आबा, म्हणाले, देऊ नको, त्यांची त्यांनी हौस केली. मी म्हटलं, देते. त्या पावसाळ्यात मी मिरच्या तोडायला गेले. बोटांची आग रात्रभर जायची नाही, चुकून डोळ्याला हात लागला की संपलं. मजुरीतून आई थोडे माझ्या हातावर ठेवायची. दिवाळीपर्यंत एकेकीचा रुपया तिच्या दारात जाऊन दिला. सखूकाकूने तोही उलटसुलट करून पाहिला.

राहिली गिरजामाय. मी रुपयाची नोट घेऊन गेले तर तिने हात मागे घेतला. "मी काय रुपया मागितल्ता का तुला? मी म्हनलं व्हतं, दाखव. दाखवशीन तव्हा फिटंल." दुसऱ्यांदा गेले, तेच. लग्न होऊन जालन्याला जाताना गेले, तेच. ती नोट मी लुगड्यांच्या घडीत ठेवली. घरात अडचण यायची, रुपयाही मोठा असायचा, पण ती मोडली नाही.

मधे अकरा वर्षं गेली. मला दोन मुली झाल्या. आणि एका उन्हाळ्याच्या तोंडाला, दिवे लागायच्या वेळी, गल्लीत सगळे पश्चिमेकडे बघत उभे राहिलेले दिसले. दुर्बीण नाही, तिकीट नाही. नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट, शेपटीसकट. शेजारी एक शाळेतल्या बाई राहायच्या. मी धीर करून विचारलं, हे तेच का? त्या म्हणाल्या, नाही, हे दुसरं. मग त्यांनी मला बसवून सांगितलं. शेवटच्या ग्रहांच्या पलीकडे असले बर्फाचे गोळे असंख्य आहेत, नुकतेच लोकांना मोठ्या दुर्बिणीतून तिथे फिरणारे एकेक सापडायला लागलेत. बहुतेक जन्मभर तिथेच अंधारात राहतात. एखादा इकडे घसरतो, तेव्हा आपल्याला शेंडी दिसते.

मी शनिवारी सकाळचीच गाडी पकडून माहेरी गेले. नोट कनवटीला होती.

गिरजामाय अंगणातच होती, घोंगडीवर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. दिवस बुडाल्यावर मी तिला उठवून उभं केलं आणि तिची हनुवटी धरून लिंबाच्या झाडाच्या वर वळवली. ती बराच वेळ बघत राहिली. तिने एक हात माझ्या खांद्यावर टेकला होता.

"खडूनं ओढल्यावानी," ती म्हणाली. मग हळूच, "हे तेच ना गं?"

नुसतं हो म्हणायचं होतं. अकरा वर्षांचं ओझं तिथेच उतरलं असतं. मी मान हलवणारच होते, आणि मला माझा पायाचा अंगठा दिसला.

"न्हाई माय," मी म्हणाले. "हे दुसरं हाये. तुझं आता लांब गेलं."

तिचा हात खांद्यावरून निघाला. ती खाली बसली. मी तिच्याजवळ बसून बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, माझ्या परीने, अडखळत.

"असे किती हायेत म्हन्तीस?"

"मोजता येत न्हाईत इतके."

"अन् कोन्ता ना कोन्ता येतच राह्यतो?"

"येतच राह्यतो. लई तं आपल्याला दिसतबी न्हाईत."

आळीत कुणाची तरी भाकरी करपल्याचा वास येत होता. "ज्या साली कोन्तंच दिसलं न्हाई," ती म्हणाली, "त्या सालीबी मानसं मेलीच असतील की."

"मेलीच."

"मंग त्येंच्या पोरींना काय म्हनले?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि परत वर बघितलं. आता तिचा चेहरा वेगळा होता. बाजारात दुसऱ्याची गाय बघावी तसा. "हे माझं न्हाई," ती म्हणाली. "ह्येचं माझं काही देनंघेनं न्हाई."

मग मी ते बोलले. "माय, त्या दिवशी मला म्हाईत व्हतं. वार बाराला बदलतो ते. मी बोलले न्हाई."

"तुझं तोंड उघडलेलं मी बघितल्तं," ती म्हणाली. "म्हनून तं बापा-लेकराचं बोलले. सगळ्या हसल्या का तू गप बसशीन, ठावं व्हतं मला. पहिल्यांदा कोनी माझं ऐकून राह्यलं व्हतं." आणि तिने हात पुढे केला. "दे माझा रुपया."

मी कनवटीची नोट काढली. घडीवर ती मधोमध विरली होती. तिने ती दोन्ही बाजूंनी चाचपली.

"काय वं चौथी पास," ती म्हणाली. "आज कोन्ता वार?"

"शनिवार."

"बराबर. उजाडंपर्यंत शनिवार."

"न्हाई माय," मी म्हणाले, "बारापर्यंत."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणलं, ती प्यायली, आणि नोट पदराच्या टोकाला ठेवून तिने गच्च गाठ मारली.